आधी रुमाल, मग माणूस

कुठलीही गोष्ट करण्याआधी ती आधीच झालेली तर नाही ना, हे बघितल्याशिवाय माझ्या बायकोला चैन पडत नाही. चहात साखर घालण्याआधी ती चमचाभर चहा चाखते. न जाणो, मी घातली असली तर, असं तिचं म्हणणं. आमच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी कोणाच्या चहात साखर घातल्याचं एकही उदाहरण नाही. तरी ती चाखते. मी चिडून विचारलं की म्हणते, "आजच घातली असलीत तर?"

घराबाहेर जाताना ती माझ्यासाठी चिठ्ठ्या ठेवते, त्याही याच थाटाच्या. "दूध आलं असेल तर तापवा. आलं नसेल तर आणा आणि तापवा. तापवलेलं असेल तर हात लावू नका." एकदा मला राहवलं नाही. मी खाली लिहून ठेवलं, "आणि मांजर पिऊन गेलं असेल तर?" संध्याकाळी बघतो तर चिठ्ठीवर हिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती. "मांजराला हाकला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करा."

शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ती कॉम्प्युटर सांभाळते. मुख्य इमारतीत जिन्याखाली तिची खोली आहे. छत एका बाजूने उतरतं, त्यामुळे उंच माणसाला तिथे नम्र व्हावंच लागतं. दोन टेबलं आहेत. एकावर ही बसते आणि दुसऱ्यावर बिघडलेले कीबोर्ड रचून ठेवलेले असतात. शहरभर ग्रंथालयाच्या चौदा शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेत स्वतःचा कॉम्प्युटर आहे, स्वतःच्या नोंदी आहेत. सगळीकडे एकच कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, चालतो, असं कागदोपत्री आहे. खरं म्हणजे ती चौदा सख्खी भावंडं आहेत, एका घरात वाढलेली, पण एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काचा घासायच्या, काड्या सरळ करायच्या, हे माझं काम. राग माझ्या नाकावर असतो. चष्मा टेकायला जागा उरत नाही, असं ही म्हणते. तेव्हा पुढे जे सांगतोय ते रागीट माणसाने सांगितलेलं आहे, हे धरून चालावं.

प्रोसिजर म्हणजे काय, ते तिने मला लग्नाच्या विसाव्या वर्षी समजावलं आणि मला ते पंचविसाव्या वर्षी समजलं. एखादं काम कसं करायचं, त्याच्या सगळ्या ओळी एकदा लिहून डेटाबेसच्या पोटात ठेवून द्यायच्या आणि त्या गठ्ठ्याला एक नाव द्यायचं. पुढे नुसतं नाव घेतलं की यंत्र त्या ओळी क्रमाने करत जातं. पुस्तक परत घ्यायची एक प्रोसिजर, नव्या वाचकाचं नाव चढवायची एक, अशा कितीतरी. ही त्या लिहिते, आणि शाखाशाखांत त्या बसवायला एक फाइल बनवते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाशी तिचा काही संबंध नाही, पण नाटकं तिच्यापायी बरीच होतात.

अडचण अशी की एखादी प्रोसिजर काही शाखांत आधीपासून असते आणि काही शाखांत नसते. असताना 'नवी बनव' म्हटलं तर यंत्र म्हणतं, आहे की. नसताना 'आहे ती बदल' म्हटलं तर म्हणतं, कुठली? दोन्ही वेळा ते हात वर करून बसतं. म्हणून पूर्वी ही स्क्रिप्टमध्ये साधी युक्ती करायची. असेल तर फेकून दे, मग नवी बनव. नसेल तर फेकायचा प्रश्नच नाही, नवी बनव. मला तर यात काही खोट दिसत नव्हती. तिलाही दिसली नव्हती.

सात वर्षांपूर्वी आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. लेक इथून बसने पाच तासांवर राहते. जायच्या आधी ग्रंथालयाला तीन दिवस जोडून सुट्टी होती, तेवढ्यात हिने स्कूटरवरून चौदा शाखा पालथ्या घातल्या, प्रत्येक ठिकाणी स्वतः स्क्रिप्ट चालवली, स्वतः पुस्तक परत घेऊन बघितलं. सगळं नीट. चौथ्या दिवशी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली होती. मी खाली उभा राहून "पोचलीस की फोन कर" म्हणतोय, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

फोन टेकडीवरच्या शाखेच्या ग्रंथपालांचा होता. हे गृहस्थ बाराही महिने कानटोपी घालतात, म्हणून सगळं ग्रंथालय त्यांना कानटोपीच म्हणतं. ते म्हणाले, "बाई, पुस्तक परत घेता येत नाही. यंत्र म्हणतंय तुम्हाला परवानगी नाही. तीस वर्षं नोकरी झाली हो माझी."

झालं असं होतं की जुनी प्रोसिजर फेकताना, ती कोणी कोणी वापरायची याची परवानगीसुद्धा तिच्याबरोबर फेकली गेली होती. नवी आली ती नावाने तीच होती, पण तिची कोणाशी ओळख नव्हती. हिने तपासलं तेव्हा चाललं, कारण हिच्याकडे सगळ्या किल्ल्या. मालकिणीला कुलूप लागलेलं कळतच नाही. चौदाही शाखांत लोक पुस्तकं घेऊन रांगेत उभे होते. कोणत्या शाखेत कोणाकोणाला परवानगी होती, याची यादी दुसरीकडे कुठेही नव्हती.

ही बॅग घेऊन बसमधून उतरली. अडीच दिवस ती शाखांतून फिरत होती. नातू झाला तेव्हा ती नवव्या शाखेत टेबलाखाली वाकून वायर शोधत होती. बातमी द्यायला मीच गेलो होतो. ती टेबलाखालून बाहेर आली, "दोघं बरी आहेत ना?" एवढं विचारलं आणि पुन्हा आत गेली. घरी आल्यावर मात्र हमसून हमसून रडली. चौथ्या दिवशी लेकीकडे पोचली तेव्हा लेक रागावली नाही. "मला वाटलं होतं तू येशील," इतकंच म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं.

हिने चूक स्वतःची मानली. मी कानटोपींची मानली. अर्धा तास थांबून फोन केला असता तर बस सुटली असती आणि पुढचं पुढे बघितलं असतं, असा माझा हिशेब. तो चुकीचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं, पण कोणावर तरी रागावल्याशिवाय माझं भागत नाही. पुढे एकदा ते चष्मा करायला दुकानात आले. चष्मा मी चोख दिला, खुर्ची मात्र दिली नाही.

यंदा लेकीला पुन्हा दिवस गेले. तिचा फोन आला. "आई, या वेळी मला तू हवी आहेस. पोराला सांभाळायला नको, त्याच्याकडे त्याचे बाबा बघतील. मला हवी आहेस." ही म्हणाली, "येईन." फोन ठेवल्यावर बराच वेळ ती भाजीची सुरी हातात धरून उभी होती. कापायचं काही नव्हतं, भाजी आधीच चिरून झाली होती. ते तिने बघितलंही नव्हतं, यावरून मी काय ते ओळखलं.

नेमकं त्याच महिन्यात ग्रंथालयाने नवी सोय काढली. एखादं पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर वाचकाने ते आपल्या नावाने मागून ठेवायचं, आणि ते परत आलं की शाखेने त्याच्यासाठी बाजूला काढायचं. त्यासाठी रोज सकाळी शाखा उघडताच एक यादी निघायला हवी. त्या यादीची प्रोसिजर पाच शाखांत सहा महिने प्रयोग म्हणून चालू होती. उरलेल्या नऊ शाखांना तिचा पत्ताच नव्हता. हिने महिनाभराची रजा मागितली तेव्हा मुख्य ग्रंथपाल, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या म्हणाल्या, "चौदाही शाखांत यादी सुरू होऊ दे, मग खुशाल जा." सोमवारी ग्रंथालय बंद असतं, तेव्हा काम सोमवारीच करायचं. मंगळवारी सकाळी सातची बस. डॉक्टरांनी शनिवारची तारीख दिली होती.

एका दिवसात चौदा शाखा फिरणं अशक्य होतं, आणि हिचे गुडघेही आता स्कूटरच्या बाजूचे राहिलेले नाहीत. मग तिने ठरवलं की फाइल मेलने पाठवायची आणि ज्या त्या ग्रंथपालाने ती आपली आपण चालवायची.

जेवताना मी म्हटलं, "त्यात काय एवढं? लिही सरळ, नसेल तर बनव."

"तसं लिहिता येत नाही," ती म्हणाली. "ही 'बनव' आज्ञा मोठी मानकरी आहे. आपल्या गटात तिला पहिल्याच खुर्चीवर बसायचं असतं. तिच्या आधी नुसता 'जर' बसला तरी ती रुसते."

"मग?"

"मग तिला पाकिटात घालायचं. 'जर प्रोसिजर नसेल, तर हे पाकीट फोड' असं म्हणायचं. पाकिटात ती एकटीच. तिथे तीच पहिली. मान राहिला."

"आणि असली तर?"

"असली तर पाकीट फोडायचंच नाही. आता गंमत ऐका. पाकिटात मी पूर्ण प्रोसिजर कोंबत नाही. नुसतं नाव, आत काही नाही, आणि त्याच्यामागून दुसऱ्या पाकिटात ती वापरायची परवानगी. तुम्ही बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकता ना सीटवर? तसं. रुमाल पडला की जागा आपली. मग खाली एकच आज्ञा, 'बदल'. जिथे जुनी आहे तिथे जुनीच्याच आतलं बदलेल, तिची परवानगी शाबूत. जिथे नव्हती तिथे रुमालाच्या जागी माणूस येऊन बसेल. कोणाला उठवायचं नाही, कोणाला फेकायचं नाही."

मला ते इतकं पटलं की मी वरून भात वाढून घेतला. हल्लीच्या यंत्रांना म्हणे हे सगळं एका दमात सांगता येतं, असेल तर बदल, नसेल तर बनव. "पण आमची पाच यंत्रं म्हातारी आहेत," ती म्हणाली. "त्यांना ते कळत नाही. सगळ्यांना कळेल असं बोललेलं बरं."

शनिवारी तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर शाखांची खोटी रूपं तयार केली. काहींत प्रोसिजर ठेवली, काहींत नाही. मग मला म्हणाली, "अहो, तुम्ही बसा आता."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच."

मला राग आला, पण बसलो. फाइल उघडायची, वरचं बटण दाबायचं, 'आज्ञा पूर्ण झाली' असं आलं की पुढची शाखा. आठव्या शाखेपर्यंत मला आपण इंजिनिअर व्हायला हवं होतं असं वाटू लागलं. नवव्या वेळी मात्र मी फाइलमध्ये लिहिलंय तरी काय ते वाचायला घेतलं. दुकानात मी लोकांना काठीने एकेक ओळ दाखवत वाचायला लावतो, त्यामुळे माझाही हात ओळीबरोबर चालतो. माउस दाबून धरून मी वरून खाली वाचत आलो. ओळी निळ्या होत गेल्या. मधेच कंटाळलो आणि बटण दाबलं. 'आज्ञा पूर्ण झाली' असं आलं.

"झालं," मी जाहीर केलं.

तिने यादी काढून बघितली. कोरी. तिने पडद्याकडे बघितलं. वरचा अर्धा भाग निळा होता, खालचा पांढरा. "जेवढं निळं केलेलं असतं तेवढंच चालतं," ती म्हणाली. "तुम्ही रुमाल टाकलात आणि निघून आलात."

"पण यंत्र तर झालं म्हणालं."

"रुमाल टाकून झाला, असं म्हणालं ते. आणि ही कोरी यादी बघून तुम्ही काय केलं असतंत?"

"आज काम नाही असं समजून चहा प्यायला गेलो असतो."

मी हसलो, ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. "तेच तर. कोणीही तसंच करेल. वाचक तिकडे पुस्तकाची वाट बघत बसेल आणि महिनाभर कोणाला कळणारही नाही. निदान मागच्या वेळी यंत्राने आरडाओरडा तरी केला होता."

मग तिने तासभर बसून रुमालच बदलला. तो मुका ठेवायचा नाही, असं ठरवलं. खरी प्रोसिजर येऊन बसायच्या आधी कोणी यादी मागितलीच, तर कोरा कागद न देता त्याने बोलायचं, आणि पुढे काय करायचं तेही सांगायचं. शिवाय फाइलच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, काहीही निळं करू नका. मी पुन्हा बसलो. अर्धी चालवली, दोनदा चालवली, तीनदा चालवली, मधे चहाचा कप कलंडवला. चहा सोडला तर कशानेही काही बिघडलं नाही.

सोमवारी ती जेवणाच्या टेबलाशी चौदा चौकोन आखलेला कागद घेऊन बसली. सकाळपासून फोन येऊ लागले. एका शाखेच्या बाईंनी विचारलं की चालवताना दार लावून घ्यायचं का. एकांनी घाबरत कबूल केलं की हात लागून दोनदा चालली. "दहादा चालवा," ही म्हणाली, "तिला राग येत नाही." एकेक चौकोनात खूण होत गेली. शेवटचा फोन साडेचारला आला, कानटोपींचा. "बाई, झालं. आज्ञा पूर्ण झाली असं स्वच्छ लिहून आलं."

आता प्रत्येकाने यादी काढून बघितली असती तर प्रश्नच मिटला असता. पण यादी निघते काउंटरच्या कार्यक्रमातून, आणि तो सुट्टीच्या दिवशी हिच्याशिवाय कोणाला उघडताच येत नाही. तशी तजवीज हिनेच बारा वर्षांपूर्वी करून ठेवली होती, कोणी सुट्टीच्या दिवशी चुकून नोंदी करू नयेत म्हणून. चहा समोर आहे आणि चाखता येत नाही, अशी तिची अवस्था झाली. रात्री बॅग भरताना तिने तीच साडी तीनदा आत ठेवली आणि बाहेर काढली.

मंगळवारी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. बस लागली होती. पायरीवर चढून ती वळली आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"हे काय?"

"माझ्याजवळ राहिला तर मी उतरेन," ती म्हणाली. "मला माहीत आहे मी कशी आहे. शाखांमधून कोणाचा आला तर तुम्ही घ्या."

"मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळायला नको. ऐकून घ्या आणि बघतो म्हणा. मला आज तिथे पोचायचंय."

बस सुटली. सात वर्षांपूर्वी जिथे ती उतरली होती त्याच फलाटावर मी दोन फोन घेऊन उभा होतो, आणि सांगायला हरकत नाही, मला भीती वाटत होती.

साडेआठला मी दुकान उघडलं. तिचा फोन काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. नऊला शाखा उघडतात. नऊ वाजले, पाच झाले, दहा झाले. सव्वानऊला फोन वाजला, पण माझा. जावई होते. "बाबा, पहाटेपासून दुखायला लागलंय. आत्ताच दवाखान्यात आणलंय. आई निघाल्यात ना? त्यांचा फोन वाजतोय पण कोणी उचलत नाही." तिचा फोन समोर पालथा पडला होता आणि मी त्याच्याकडे एकटक बघत होतो, पण आवाज बंद ठेवलेला असल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. ती बाराला पोचेल म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "भावाला स्टँडवर पाठवतो, तो थेट इकडेच घेऊन येईल."

म्हणजे तारीख चार दिवस अलीकडे आली होती. आता वाटेत बस बंद पडली तर संपलंच. मी तिच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवला. दहा मिनिटांत तो खणखणला. पडद्यावर नाव होतं, टेकडी शाखा.

मी उचलला आणि समोरच्याला तोंड उघडू दिलं नाही. "हे बघा," मी म्हटलं, "ती मिळणार नाही. तिचा फोन माझ्याजवळ आहे आणि ती बसमध्ये आहे. लेक तिकडे दवाखान्यात आहे. तुमचं यंत्र बंद पडलं असेल, जळलं असेल, टेकडीवरून खाली घरंगळत आलं असेल, तरी आज ती मिळणार नाही. मागच्या वेळी तुम्ही तिला बसमधून उतरवलंत. सात वर्षं माझ्या पोटात आहे ते. कागदावर हाताने लिहा यादी. नाही जमलं तर शाखा बंद करा आणि घरी जा." असं बरंच काही बोललो. दुकानात एक आजोबा नवी फ्रेम घालून बघत होते, त्यांनी ती हळूच काढून ठेवली.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा पलीकडून कानटोपी शांतपणे म्हणाले, "यंत्र चालू आहे हो."

"मग?"

"सकाळी यादी मागितली तर पडद्यावर आलं, 'थांबा. ही जागा नुसती धरून ठेवली आहे. कालची फाइल पुन्हा उघडा, काहीही निळं करू नका, आणि चालवा. पुन्हा चालवल्याने काही बिघडत नाही.' मी चालवली. यादी आली. सहा पुस्तकं निघाली. काढून ठेवली."

"काल निळं केलं होतंत?"

"केलं होतं," ते ओशाळून म्हणाले. "वाचताना माउस ओढायची सवय आहे मला. 'काहीही निळं करू नका' ही ओळसुद्धा मी निळी करूनच वाचली."

ती सवय मला चांगलीच ठाऊक होती. मी जरा खालच्या आवाजात विचारलं, "मग फोन कशाला केलात?"

"बस किती वाजता पोचते ते विचारायला. मागच्या वेळी मीच उतरवलं बाईंना, ते माझ्याही मनात आहे. आज वेळेवर पोचल्या का, एवढंच विचारायचं होतं. बाईंना विचारायची हिंमत होत नव्हती. तुम्ही उचललात ते बरं झालं, आणि एवढं बोललात तेही."

मी त्यांना सगळं सांगितलं, दुखायला लागलंय ते, बाराला बस पोचेल ते. ते म्हणाले, "मग मी फोन अडवून ठेवत नाही. कळलं की मला कळवा." मी म्हटलं, "कळवतो. आणि संध्याकाळी दुकानावर या. बसून चहा घेऊ." 'बसून' या शब्दावर मी जोर दिला. त्यांना कळला असावा.

पुढचे तास कसे गेले ते विचारू नका. एका बाईंना मी चष्म्याचा तोच नंबर दोनदा काढून दिला. साडेबारापर्यंत जावयांचा फोन नाही, एकला नाही, दोनला नाही. मी मनातल्या मनात हिला सांगायचं सगळं जुळवत होतो. तुझा रुमाल बोलला, असं म्हणायचं. चौदाच्या चौदा शाखा उभ्या आहेत. कानटोपींनी स्वतः निस्तरलं, तुझ्या एका ओळीवरून. मी त्यांना किती बोललो ते थोडं कमी करून सांगायचं. अडीचला माझा फोन वाजला. नंबर जावयांचा होता, आवाज हिचा.

"अहो, मुलगी झाली."

माझ्या तोंडून आधी बाहेर पडलं ते हेच, "तू होतीस?"

"होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "पहिल्यापासून होते. हात सोडलाच नाही तिने माझा. बोटं अजून दुखतायत."

मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग सगळं आठवून मी सुरुवात केली. "ऐक, इकडे काय झालं माहीत आहे का, सकाळी टेकडीवरून—"

तिकडून लेकीचा थकलेला आवाज आला, "आई, इकडे ये ना." ही म्हणाली, "आले गं," आणि माझं वाक्य तसंच अर्ध्यावर सोडून तिने फोन ठेवून दिला.